वहिनीनं जोखलेले पत्ते

दसरा होऊन गेला की अकोटच्या रस्त्यांवर कापूस दिसू लागतो. झाडावरचा नव्हे, गाड्यांतून सांडलेला. बाभळीच्या काट्यांना अडकलेला, विजेच्या तारेवरून लोंबणारा, डांबरावर चाकाखाली जाऊन काळा पडलेला. सरकी काढायची जिनिंग सुरू झाली की त्या कारखान्यांच्या बाजूच्या हवेत बारीक तंतू तरंगत राहतात आणि सायकलवरून जाताना ओठांना चिकटतात. आता मी अमरावतीत राहते, एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. इथे ओठांना काही चिकटत नाही. तरी हे दिवस आले की हात आपोआप तोंडाकडे जातो.

याच दिवसांत पत्त्यांचा नवा संचही येतो.

परवा प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर चार-पाच विद्यार्थी बसले होते. मधे चकचकीत पाकिटं फाडून टाकलेली, आणि पत्त्यांवरून वाद चाललेला. मी थांबले, तर एका मुलीनं एक पत्ता माझ्यापुढे धरला आणि विचारलं, मॅडम, तुम्हाला यातलं काही कळतं का? मी पत्ता वाचला आणि म्हटलं, चांगला आहे, ठेव. ती हसली. फोनवरच्या जाणकारांनी त्याला पाचापैकी दोनच गुण दिलेत म्हणाली. असतील दिले, म्हणून मी वर्गाकडे निघाले. तासाला कोणता धडा घ्यायचा होता, ते फळ्यापुढे उभी राहीपर्यंत आठवेना.

मला कळत नव्हतंच. कळायचं माझ्या वहिनीला.

हा खेळ आमच्या घरात दादानं आणला. दादा कृषी सहायक होता. नोकरी लागल्यावर प्रशिक्षणाला पुण्याला गेला, तिथे खोलीतल्या जोडीदारानं त्याला शिकवला, आणि येताना तो दोन गड्ड्या घेऊन आला. नेहमीचे बावन्न पत्ते नव्हेत. यात प्राणी, शिपाई, जादूगार, दऱ्या, किल्ले. प्रत्येकानं आपापली गड्डी स्वतः जमवायची आणि समोरच्याशी झुंजायचं. दर पत्त्याला खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी, की हा काय करतो. वर्षातून एकदा कंपनी नवे पत्ते काढी. ते बंद पाकिटात येत, आत काय निघेल ते ठाऊक नसे. अमरावतीत एका दुकानाच्या माळ्यावर रविवारी पोरं जमत आणि आपल्याकडचा पत्ता देऊन दुसऱ्याकडचा घेत. म्हणून कोणता पत्ता मागायचा आणि कोणता देऊन टाकायचा, हे आधी ठरलेलं बरं असे.

मी तेव्हा अकरावीत. जेवणं झाली की पुढच्या खोलीत चटईवर मी आणि दादा बसत असू. आई तुरीची डाळ निवडता निवडता आम्हाला बोलायची, एवढ्या मोठ्या माणसानं लहान पोरीसंगं चित्रं घेऊन बसावं काय. बाबा नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, ते पेपरच्या आडून बघत.

वहिनी त्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. शालू. माहेर अंजनगाव सुर्जीचं, घरचे पानमळे. बी.एस्सी. झालेली, बोलायला तुटक, हसायला मात्र एकदम मोकळी. दोन दिवस ती दारात उभी राहून आमचा खेळ बघत होती. तिसऱ्या दिवशी मी हरले, तेव्हा तिनं विचारलं, "तो लंगडा लांडगा हातातच काहून ठेवला वो तू?"

लंगडा लांडगा असा पत्ता नव्हता. त्याचं इंग्रजी नाव भलतंच होतं, पण चित्रातल्या लांडग्याचा एक पाय वर होता. दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग चटईवर सरकला आणि त्यानं तिच्यासाठी जागा केली. त्या दिवसापासून दादा मधल्या मधे पंच झाला, आणि खेळ माझा नि वहिनीचा.

पत्त्यांना तिनं आपली नावं ठेवली. पाणबुड्या, रुसलेला राजा, आंधळी घार. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण नावं पाठ झाली. पुढे पुढे डाळ निवडताना तीच विचारायची, आज घार निघाली का नाही.

आणि मग तो मोसम यायचा. दिवाळीची साफसफाई झालेली, भिंतींना नव्या चुन्याचा वास, अंगणात कुठे कुठे लाडवांसाठी भाजलेल्या बेसनाचा. दुपारी ऊन चटका देणारं आणि संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटणारी हवा. दादा अमरावतीला बैठकीला गेला की सायबर कॅफेतून नव्या संचाचे कागद छापून आणायचा. काळेपांढरे, अस्पष्ट, एका कागदावर नऊ पत्ते. ते चटईवर पसरायचे आणि एकेक जोखायचा. पाकिटं नंतर.

दादाचा जोखण्याचा प्रकार सोपा होता. त्याला मोठे प्राणी आवडत. पंख पसरलेला अजगर, डोंगराएवढा रेडा. चित्र आवडलं की पत्ता चांगला. तो हौसेनं वाचून दाखवायचा, हा आला की समोरच्याचं सगळं साफ. वहिनी शांतपणे ऐकून घ्यायची. मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा. आपण हरत असताना हा हातात आला तर काय कामाचा?

दादा म्हणायचा, अगं, हरण्याचा विचार कशाला करायचा, जिंकतानाचा करावा.

"जिंकताना कोनताबी पत्ता चालते," वहिनी म्हणायची.

दुसऱ्या वर्षीच्या संचात एक साधा पत्ता होता. म्हातारी बाई, हातात कंदील. दादानं तो बाजूला टाकला, त्यात काही दमच नव्हता. कोणीही एका फटक्यात मारील अशी ती. वहिनीनं कागद उचलून खालच्या ओळी दोनदा वाचल्या. बाई आली की आपला गेलेला एक पत्ता परत हातात घेता येत होता. वहिनीनं तिला दिवेवाली म्हटलं आणि सगळ्यात वर ठेवलं. मला म्हणाली, ही मरू दे ना मेली तर, येता येता काम करून जाते. दादानं अमरावतीहून तिच्यासाठी दिवेवाल्या आणून दिल्या. माळ्यावरची पोरं त्या फुकटात देत होती म्हणे. हिवाळाभर वहिनीनं आम्हा दोघांना त्यांच्या जोरावर हरवलं. दादाला हरण्याचा भारी आनंद व्हायचा. अझहरभाई आला की त्याला तो सांगायचा, हिच्याशी बसून बघ एकदा.

अझहरभाई दादाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. केसांत कायम कापूस. तो वहिनीशी बसला, हरला, परत बसला. हे वकिलाचं डोकं आहे, भाभींना कोर्टात पाठवा, असं बाबांना सांगून गेला.

या घरातल्या आनंदाच्या बाजूनंच ते दिवस आठवतात, पण बाहेर ते तसे नव्हते. कापसाची पानं लाल पडून वाळत होती, लोक त्याला लाल्या म्हणत. दादाच्या वाट्याला गावं वाटून दिलेली. मोटारसायकलवर जायचं, शेतात उभं राहायचं, पाहायचं, पंचनामा लिहायचा. त्याच्या बुटांना काळी माती चिकटून दगडासारखी व्हायची, आणि तो ती पायरीवर बसून चाकूनं काढत राहायचा. कधी कधी माती निघाल्यावरही बसून राहायचा. एकदा तो कुठल्याशा घरून आला. तिथल्या माणसाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. दादा सांगत होता, की त्यांच्या लहान मुलीनं त्याला चहा आणून दिला आणि साखर बरोबर आहे का म्हणून विचारलं. एवढंच सांगितलं. वहिनीनं पाणी दिलं, मग आत जाऊन गड्डी आणली, पिसली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्या दिवशी ती मुद्दाम हरली. मला कळलं होतं. दादालाही कळलं असावं.

तिसऱ्या वर्षी दादानं कागद आणले ते दिवाळीनंतर. संच मोठा होता. पहिल्या दिवशी अर्धाच झाला. एक पांढरा हत्ती होता, दादा त्याच्यावर लट्टू. वहिनी म्हणाली, एवढा महाग पत्ता, हा हातात येऊन बसेल आणि टाकायची पाळी येईपर्यंत आपण मेलेलो असू. दादा म्हणाला, असू दे, मी नुसता पाहायला घेईन. उरलेले उद्या, म्हणून कागद तसेच चटईच्या कडेला सारून ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अझहरभाई आला. तो नेहमी दारातून हाक देत यायचा, त्या दिवशी दिली नाही. बाबांना बाजूला घेऊन हळू बोलला. हिवरखेडच्या रस्त्यावर कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता, दादाची मोटारसायकल तिच्यावर मागून आदळली. अंधारून आलं होतं. दादाला गावातल्याच लोकांनी उचलून गाडीत घातलं. अकोल्याला नेईपर्यंत तो बोलत होता. काय बोलत होता, ते त्या लोकांना नीट सांगता आलं नाही. घरी जायचं, असं काहीसं, म्हणाले.

पुढचे दिवस मला तुकड्यांत आठवतात. दारातल्या चपलांचा ढीग. कोणाच्या तरी घरून आलेलं पिठलं. दादाच्या कार्यालयातले लोक, त्यांच्याही बुटांना तीच माती. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, आणि बायका तिच्या गळ्यात पडून रडत असताना तीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत असलेली. चटई उचलताना कोणीतरी ते कागद गोळा करून कपाटावर टाकले. उरलेला अर्धा संच आम्ही कधीच जोखला नाही.

वहिनी आमच्याकडेच राहिली. तिचे वडील न्यायला आले होते, तीच म्हणाली, एवढ्यात नको. वर्षभर ती पहाटे उठायची, आईला कामाला हात लावू द्यायची नाही, माझ्या कॉलेजच्या अभ्यासाला जवळ बसायची. गड्ड्या ट्रंकेत होत्या. त्यांचं नाव कोणी काढलं नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं, आणि पुन्हा ते दिवस आले. चुन्याचा वास, ओठांना चिकटणारे तंतू.

एका रविवारी अझहरभाई आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला आणि पिशवीतून कागद काढले. नवा संच होता. अमरावतीला स्वतः जाऊन छापून आणलेला. म्हणाला, "भाभी, दर साल वो लाता था. मुझे लगा, लाना चाहिए." कागद उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

दुपारभर ते तिथेच होते. आई त्यांना ओलांडून ये-जा करत होती. चार वाजता वहिनीनं ते उचलले आणि चटई टाकली.

आम्ही दोघीच बसलो. मग सवयीनं ती वाचू लागली. हा ठेवायचा, हा द्यायचा, हा पाहू. मी लिहून घेत होते. अर्ध्यावर आल्यावर एक पत्ता निघाला. डोंगरातून उठणारा राक्षस, सगळा कागद व्यापलेला, आणि टाकायला इतका महाग की त्याचा खेळात काहीच उपयोग नाही. वहिनी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा त्याईनं घेतला असता," ती म्हणाली.

तिनं तो कागदातून कात्रीनं कापला आणि सगळ्यात वर ठेवला. मग आईच्या खोलीत गेली. आतून दोघींचा आवाज येत होता. वर्षभरात त्या दोघी एकत्र अशा रडल्या नव्हत्या.

तिच्या दुसऱ्या लग्नाचं बाबांनी काढलं. त्या कागदानंतर थोड्याच दिवसांनी. आई काही दिवस बाबांशी बोलली नाही. बाबा एकदाच म्हणाले, "आपलं पोरगं गेलं. तिचं वय नाई गेलं." त्यांनीच अंजनगावला जाऊन तिच्या वडिलांना समजावलं, त्यांनीच स्थळ पाहिलं. परतवाड्याचे, लाकडाच्या वखारीत हिशेबाला होते, पहिली बायको आजारानं गेलेली. शांत माणूस. बाबा दोनदा जाऊन त्यांना भेटून आले.

वहिनी नाही म्हणत होती. मग एक दिवस गच्चीवर आम्ही मिरच्या वाळत घालत होतो, तेव्हा तिनं मला विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, जा वहिनी. ती मिरच्या उलटत राहिली. तिखटानं दोघींच्या डोळ्यांना पाणी येत होतं, त्यामुळे कोणी कोणाकडे बघण्याचं कारण नव्हतं.

"तू राह्य म्हटलं असतं त मी राह्यली असती," ती म्हणाली.

ते मला माहीत होतं. म्हणूनच मी जा म्हटलं.

लग्न नोंदणीचं झालं. त्याआधी आईनं तिला आमच्याच देवघरापुढे बसवलं आणि तिची ओटी भरली. आईच्या हातून कुंकू कपाळावरून नाकावर सांडलं. वहिनीनं ते पुसलं नाही. निघताना तिनं गड्ड्यांची पेटी माझ्याकडे दिली. मी म्हटलं, निदान तुझी गड्डी तरी ने. ती म्हणाली, तिकडे कोणाशी खेळू.

दादा गेला तेव्हा महिनाभर घरात माणसं होती. वहिनी गेली तेव्हा कोणी भेटायला आलं नाही. येण्यासारखं काही झालंच नव्हतं. शेजारणी आईला म्हणाल्या, मोठ्या मनाची माणसं तुम्ही, पुण्य केलं. आई हो हो म्हणाली आणि आत येऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. वहिनीचे वडील दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरबरोबर बाबांसाठी पानांची जुडी पाठवायचे, केळीच्या पानात गुंडाळून. ती यायची थांबली. पाठवायची कशी, कुठल्या नात्यानं, असं त्यांना वाटलं असेल. बाजारात पानं मिळत होती, पण बाबांनी पान खाणं सोडलं.

फोन फार करायचा नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. तिला तिथे रुजू दे, आपला आवाज ऐकला की तिचं मन परत इकडे येईल. मी केला नाही. पुढच्या हंगामात अझहरभाईनं पुन्हा कागद आणून दिले. मी एकटीनं जोखायला बसले आणि मला काहीच ठरवता येईना. जे ठेवले ते कुचकामी निघाले. त्यानंतर अझहरभाईचं दुकानही गेलं. कापसाच्या गावात गादी भरून घ्यायला माणूस येईनासा झाला, आणि तो भिवंडीला मेहुण्याकडे कामाला लागला. मी पुढचं शिकायला अमरावतीला आले. नवे संच निघत राहिले, मी ते पाहायचं सोडलं.

ती मला पुन्हा भेटली, ती परतवाड्याच्या बसस्थानकावर. मी तिथल्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. काम आटोपून गाडीची वाट बघत होते. हेच दिवस, मेळघाटातून सीताफळं आलेली, टोपल्या लावून बायका बसलेल्या. एका टोपलीपुढे ती पाठमोरी वाकलेली होती. पाठीवरूनच ओळखलं. हाक मारायला गेले आणि वहिनी म्हणावं की नाही, या विचारानं तोंड बंद झालं. तेवढ्यात तीच वळली.

तिच्या हाताशी चारेक वर्षांची मुलगी होती. तिची. तिनं आमच्या आईच्या गुडघ्यांचं विचारलं, बाबांच्या मोतीबिंदूचं विचारलं. माझ्या नोकरीचं ऐकून तिला खूप बरं वाटलं. आमचे हे चांगले आहेत, जीव लावतात, असं तिनं न विचारता सांगितलं, आणि मला ते ऐकून खरंच बरं वाटलं. पत्त्यांचं तिनं काढलं नाही. मीही नाही.

मुलगी आईचा पदर ओढत होती. हे कोण आहे, म्हणून विचारत होती.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. तिच्या गेलेल्या नवऱ्याची मी बहीण. या मुलीची मी कोणी लागत नव्हते, आणि तिच्या आईचीही आता कागदोपत्री कोणी नव्हते. अशा माणसाला मराठीत काय म्हणतात, ते मला ठाऊक नाही.

"आत्या हाय तुई," वहिनी म्हणाली.

मुलीला पटलं नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत्या त धारणीले राह्यते ना."

"ते एक. हे एक," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच तुटक होता.

मुलीनं थोडा विचार केला आणि मान्य केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, की आत्यानं तिच्यासाठी काय आणलं. माझ्या पर्समध्ये उत्तरपत्रिका होत्या आणि एक कोरडा डबा. मी खाली बसले, टोपलीतून एक पिकलेलं सीताफळ घेतलं, तिथेच फोडलं आणि तिच्यापुढे धरलं. ती खाऊ लागली. बिया कुठे टाकायच्या, म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं, तर मी हात पुढे केला.

अमरावतीची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. वहिनी म्हणाली, रंजू, जा, गाडी सुटेल. मी उठले नाही. मुलगी प्रत्येक बी नीट चोखून, काळी आणि ओली, माझ्या तळहातावर ठेवत होती, आणि मी हात तसाच धरून बसले होते.